नितळ पाणी आणि निरोगी पाणी : विश्रामबागेतील एका नव्या फिश टँकचे प्रकरण

नव्याने मांडलेल्या फिश टँकमधले पाणी तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुधाळ होते, तेव्हा घरातल्या सगळ्यांचे लक्ष त्या दुधाळपणावर खिळते आणि तो घालवण्यासाठी जे जे केले जाते त्यातले बरेचसे माशांच्या जिवावर बेतते. सांगलीच्या विश्रामबाग भागातल्या एका घरी याच वाटेने दोन गोल्डफिश गेले आणि उरलेले चार थोडक्यात वाचले. हे प्रकरण तपशिलाने लिहिण्याचे कारण असे की, त्या टाकीतले पाणी ज्या दिवशी काचेसारखे नितळ दिसत होते, त्याच दिवशी ते सर्वांत घातक होते. पुढे ते हिरवट झाले आणि घरचे लोक पूर्वी कधी नव्हते इतके धास्तावले, तेव्हा मात्र मासे अगदी सुखरूप होते. डोळ्यांना दिसणारी स्वच्छता आणि माशाच्या कल्ल्यांना लागणारी स्वच्छता यांचा एकमेकींशी किती कमी संबंध असतो, हे इतक्या स्पष्टपणे दाखवणारी टाकी माझ्या पाहण्यात दुसरी नाही.

टाकी, पाणी आणि दगड

टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि सव्वा फूट उंच होती. काठोकाठ भरल्यास तिच्यात ७० लिटर पाणी मावते. खडी, दगड आणि वरची मोकळी जागा वजा केली की प्रत्यक्ष पाणी उरते ६० लिटरच्या आसपास. तळाला पांढऱ्या संगमरवरी खडीचा जाड थर होता. त्यावर गावाकडच्या विहिरीच्या खोदाईत निघालेले दोन काळे दगड, प्लॅस्टिकच्या वेली, एका कोपऱ्यात स्पंज बसवलेला छोटा पॉवर फिल्टर आणि वर एलईडी दिवा अशी मांडणी होती. टाकी मांडली त्याच संध्याकाळी तिच्यात दोन-दोन इंचांचे सहा गोल्डफिश सोडले गेले. दुकानातून मिळालेल्या दोन बाटल्यांपैकी एकीतले अँटीक्लोरीनचे आणि दुसरीतले निळ्या औषधाचे थेंब सांगितल्याप्रमाणे टाकले गेले.

पाणी इमारतीच्या गच्चीवरच्या टाकीतले होते. तिच्यात माळबंगला येथील जलशुद्धीकरण केंद्रातून येणारे कृष्णेचे पाणी पडते, पण उन्हाळा लागला की सोसायटी आपल्या बोअरचे पाणीही त्यात सोडते. हा तपशील घरच्यांना क्षुल्लक वाटला होता आणि विचारल्याशिवाय कोणी सांगितलाही नाही. प्रत्यक्षात या प्रकरणातला निम्मा उलगडा त्यात होता.

सहा गोल्डफिश ही ६० लिटरच्या टाकीसाठी फार मोठी संख्या आहे. दोन इंचांचा मासा लहान दिसतो खरा, पण गोल्डफिश हा खादाड मासा असून त्याची विष्ठा भरपूर असते आणि नीट वाढला तर तो वीतभर होतो. दुकानात तो स्वस्त मिळतो, रंगाने उठून दिसतो आणि लहान मुलांना आवडतो, म्हणून नव्या टाकीत बहुधा तोच येतो. नव्या टाकीला सर्वांत कमी मानवणाऱ्या माशांमध्ये त्याची गणना करावी असे माझे मत आहे.

घटनाक्रम

भरल्या भरल्या पाणी राखाडी गढूळ झाले. खडी एकदाच विसळली होती, त्यामुळे तिची धूळ पाण्यात उठली होती. रात्रभरात ती खाली बसली आणि सकाळी पाणी चांगले दिसू लागले. तिसऱ्या दिवशी मात्र पातळ ताकासारखा पांढरटपणा पसरला. घरच्यांनी मासे बादलीत काढले, सगळे पाणी उपसले, खडी धुतली, फिल्टरचा स्पंज नळाच्या धारेखाली पिळून पिळून पांढरा केला आणि टाकी पुन्हा भरली. दोन दिवसांत पाणी पुन्हा पांढरे झाले. पुन्हा तोच उपसा झाला. मधल्या काळात माशांचे खाणे मंदावले, त्यांचे पंख अंगाला चिकटल्यासारखे दिसू लागले आणि कल्ल्यांच्या कडा लालसर झाल्या. पण सगळ्यांची नजर पाण्याच्या रंगाकडे होती.

तिसऱ्यांदा पाणी दुधाळ झाले तेव्हा घरातल्या आजी म्हणाल्या, "पावसाळ्यात नदीचं पाणी लालभडक यायचं, तेव्हा आम्ही तुरटीच फिरवायचो. सकाळी बघा, हंड्याचा तळ दिसायचा." कृष्णाकाठच्या घरांमध्ये ही पद्धत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे आणि पिण्याच्या पाण्याच्या बाबतीत ती योग्यही आहे, शहराच्या शुद्धीकरण केंद्रांतही गाळ बसवण्यासाठी हेच तत्त्व वापरतात. आजींनी टाकीत तुरटीचा खडा फिरवला. काही तासांत पांढरी पिसे धरून गाळ खाली बसला आणि पाणी इतके नितळ झाले की मागच्या भिंतीवरच्या रंगाचे ओरखडेसुद्धा टाकीतून दिसू लागले. संध्याकाळपर्यंत सगळे मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडमीट करू लागले. रात्रीतून दोन मेले.

घरच्या सूनबाई माझ्या जुन्या विद्यार्थिनी. त्यांनी सकाळीच फोन केला. "सर, पाणी आत्ता कुठे स्वच्छ झालंय आणि आत्ताच मासे का मरतायत?"

तपासणी

गढूळपणा कसला आहे हे ठरवण्यासाठी फारशी साधने लागत नाहीत. काचेचा पेला टाकीतल्या पाण्याने भरून पांढऱ्या कागदावर ठेवावा आणि रात्रभर हलवू नये. सकाळी तळाशी बारीक भुकटी बसून वरचे पाणी निवळले असेल, तर तो खडी-वाळूचा दोष. पांढरटपणा जसाच्या तसा तरंगत राहिला आणि बाजूने टॉर्च लावल्यावर उजेडाचा पट्टा धुक्यातल्यासारखा उमटला, तर ते पाण्यात सुटे वाढलेले जीवाणू होत. हिरवी झाक असेल तर सूक्ष्म शेवाळ, आणि चहासारखा पिवळसर रंग असेल तर टाकीत ठेवलेल्या लाकडातला टॅनिनचा अंश समजावा. तुरटी फिरवल्यामुळे आता या पाण्यात पाहण्यासारखे काही उरले नव्हते. मात्र खडीवर साबुदाण्याच्या पेजेसारखा बुळबुळीत थर साचला होता. तो अ‍ॅल्युमिनियम हायड्रॉक्साइडचा साका. तो पाण्यात तरंगत असतो तेव्हा कल्ल्यांच्या पडद्यांवरही चिकटतो आणि श्वासाला अडथळा करतो.

त्यानंतर थेंबांच्या टेस्ट किटने मोजमाप केले. पाण्याचे तापमान २८ अंश सेल्सिअस, पीएच (पाणी किती आम्लारी वा आम्ल आहे याचे माप; ७ म्हणजे उदासीन) ८.२, एकूण अमोनिया लिटरमागे २ मिलिग्रॅम, नायट्राइट शून्य, नायट्रेट २० मिलिग्रॅमच्या आसपास आणि कठीणपणा भरपूर. या आकड्यांमधली एक विसंगती लगेच खटकली. नायट्राइट अजून तयारच झालेले नसताना नायट्रेट आले कोठून? टाकीत नायट्रेट बनते ते नायट्राइटमधून, म्हणजे हे नायट्रेट टाकीत बनलेले नव्हते. म्हणून सोसायटीच्या बोअरचे आणि महापालिकेच्या नळाचे पाणी वेगवेगळे तपासले. नळाच्या पाण्यात नायट्रेट जवळजवळ नव्हते. बोअरच्या पाण्यात टाकीतल्यापेक्षाही जास्त होते. सांगली जिल्ह्याच्या ऊसपट्ट्यात वर्षानुवर्षे भरपूर पाणी आणि युरिया दिला गेला आहे. त्या नत्राचा काही भाग झिरपून भूजलात जातो, आणि याच सिंचनापायी कृष्णाकाठच्या कित्येक जमिनी क्षारपड झाल्या आहेत. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाने नायट्रेटची मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम ठेवली आहे. मासे त्याहून थोडे जास्त नायट्रेट सहन करतात, पण पाणी बदलून नायट्रेट कमी करण्याचा नेहमीचा उपाय अशा बोअरच्या पाण्याने साधत नाही, हे लक्षात घ्यावे लागते.

पीएच इतका वर का, याचे उत्तर खडीत मिळाले. पांढऱ्या खडीवर स्वयंपाकघरातल्या व्हिनेगरचे थेंब टाकताच ती सोडावॉटरसारखी फसफसली. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट; ते पाण्यात हळूहळू विरघळते, कठीणपणा वाढवते आणि पीएचला ८.२-८.३ च्या आसपास नेऊन ठेवते. काळ्या दगडांविषयी मला शंका नव्हती, कारण आपल्याकडचा बेसाल्ट आम्लाला दाद देत नाही. तरीही त्यांपैकी एकाच्या पोटात वाटाण्याएवढ्या पांढऱ्या गाठी दिसल्या म्हणून तिथेही थेंब सोडला. काळ्या पृष्ठभागावरचा थेंब तसाच शांत पडून राहिला, गाठीवरचा मात्र चुरचुरला. दख्खनच्या लाव्हात वायूचे बुडबुडे अडकून ज्या पोकळ्या राहिल्या, त्यांत पुढे कॅल्साइट आणि झिओलाइट ही खनिजे भरली गेली. ही गाठ कॅल्साइटची, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचीच होती. विहिरीतून काढलेला प्रत्येक काळा दगड फिश टँकला निर्धोक असतोच असे नाही, हे त्यावरून दिसते.

निदान

पीएच आणि अमोनिया यांचे नाते समजले की पुढचे सगळे उलगडते. मासा अमोनिया मुख्यतः कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो. उरलेले खाद्य आणि विष्ठा कुजूनही तो तयार होतो. पाण्यात त्याची दोन रूपे असतात. एक अमोनियम आयन, जो माशाला फारसा बाधत नाही, आणि दुसरे मुक्त अमोनिया, जो कल्ल्यांतून सरळ रक्तात शिरतो आणि कल्ल्यांचे नाजूक पडदे जाळतो. दोन्ही रूपे एकमेकांत सतत बदलत असतात आणि त्यांचे प्रमाण पीएच व तापमान ठरवतात. २८ अंशांना पीएच ७ असेल तर एकूण अमोनियातला जेमतेम ०.७ टक्के भाग मुक्त असतो. पीएच ८ ला तो ६.५ टक्के होतो आणि ८.२ ला १० टक्के. म्हणजे या टाकीत लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम मुक्त अमोनिया होता. माशांना दीर्घकाळ त्रास न होण्याची मर्यादा साधारण ०.०२ मिलिग्रॅम धरतात. हाच २ मिलिग्रॅमचा आकडा पीएच ७ च्या पाण्यात आला असता, तर मुक्त अमोनिया त्या मर्यादेच्या आतच राहिला असता आणि मासे कदाचित फक्त मलूल दिसले असते. टेस्ट किटवरचा अमोनियाचा आकडा पीएच न पाहता वाचणे म्हणूनच धोक्याचे आहे.

निरोगी टाकीत हा अमोनिया साचत नाही, कारण नायट्रीकरण करणारे जीवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. रशियन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ सर्गेई विनोग्राडस्की यांनी १८९० च्या सुमारास हे जीवाणू वेगळे करून दाखवले, आणि दुसरा टप्पा नायट्रोबॅक्टर हा जीवाणू पार पाडतो असे पुढे शंभर वर्षे मानले गेले. गोड्या पाण्याच्या फिश टँकमध्ये ते काम मुख्यतः नायट्रोस्पायरा करतो, हे १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून पुढे आले. २०१५ मध्ये तर अमोनियापासून नायट्रेटपर्यंतचा सगळा प्रवास एकट्याने करणारे नायट्रोस्पायराही सापडले. फिश टँक पाळणाऱ्याच्या दृष्टीने या जीवाणूंचे दोन गुण महत्त्वाचे आहेत. ते पाण्यात मोकळे फिरत नाहीत. स्पंज, खडी, काच अशा पृष्ठभागांना धरून राहतात. आणि ते अतिशय सावकाश वाढतात. एकदा दुप्पट व्हायला त्यांना साधारण एक दिवस लागतो.

पाण्याला पांढरे करणारे जीवाणू अगदी वेगळे. ते सेंद्रिय कचऱ्यावर जगतात, सोयीच्या परिस्थितीत तासाभराच्या आत दुप्पट होतात आणि पाण्यात सुटे तरंगतात. नव्या टाकीत खाद्य असते पण स्पर्धक नसतात, म्हणून त्यांचे पेव फुटते. त्यांचे खाद्य संपले की ते आपोआप ओसरते. त्यांच्यापासून माशांना होणारा एकच मोठा उपद्रव म्हणजे ते पाण्यातला प्राणवायू वापरतात, आणि हवेचा पंप लावला की तो बहुतांशी टळतो. या घरात प्रत्येक वेळी सगळे पाणी उपसल्याने हे पांढरे जीवाणू तात्पुरते गेले आणि उरलेल्या मूठभरांपासून दोन दिवसांत पुन्हा वाढले. स्पंज मात्र क्लोरीनयुक्त नळाखाली पिळला गेल्यामुळे ज्या सावकाश जीवाणूंची खरी गरज होती, त्यांची प्रत्येक वेळी पहिल्यापासून सुरुवात झाली. भरीस भर म्हणजे निळे औषध. ते बहुधा मिथिलीन ब्ल्यू असते, बुरशीवर ते उपयोगी आहे, परंतु नायट्रीकरण करणाऱ्या जीवाणूंना ते मारक ठरते. आजार कोठे होता आणि उपचार कोठे चालला होता हे पाहिले की जखम मांडीला आणि मलम शेंडीला ही म्हण आठवते.

मग मासे तुरटीने मेले का? घरच्यांना तसे वाटत होते आणि आजींना ते फार लागले होते, म्हणून याचा विचार जरा काळजीने करावा लागला. तुरटी पाण्यातला क्षारपणा, म्हणजे आम्ल पचवून पीएच टिकवून धरण्याची त्याची ताकद, खाते. लिटरमागे १०० मिलिग्रॅम तुरटी विरघळली तर कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबाने सुमारे ३२ मिलिग्रॅम क्षारपणा खर्च होतो. महाबळेश्वरच्या झऱ्यासारख्या मृदू पाण्यात तेवढ्याने पीएच कोसळला असता. इथले पाणी इतके कठीण होते की पीएच जागचा हलला नाही, तेव्हा त्या अंगाने तुरटीने काही बिघडवले नव्हते. कल्ले लाल होणे, पंख मिटणे, खाणे सुटणे ही अमोनियाची लक्षणे तुरटीच्या आधीपासून होती. आधीच पोळलेल्या कल्ल्यांवर तुरटीचा साका बसला आणि सर्वांत दुबळे दोन मासे ते सोसू शकले नाहीत, असाच निष्कर्ष मी काढला आणि तोच आजींना सांगितला. मूळ कारण अमोनिया हेच होते. तुरटी टाकली नसती तरी पाण्यात बदल न होता ते मासे आठवडा काढते असे मला वाटत नाही.

उपाययोजना

पहिले काम विष पातळ करण्याचे. बादल्यांमध्ये फक्त महापालिकेचे पाणी घेतले, अँटीक्लोरीन घातले, टाकीइतकेच तापमान साधले आणि निम्मे पाणी बदलले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसेच केले. नळीने पाणी काढताना खडीवरचा तुरटीचा थर ओढून घेतला. अँटीक्लोरीन म्हणजे सोडियम थायोसल्फेट. ते क्लोरीन घालवते, अमोनियाला हातही लावत नाही. बाटलीवर काहीही सुचवलेले असो, हे ध्यानात ठेवावे. पीएच उतरवण्यासाठी लिंबू पिळावे काय, अशी विचारणा झाली आणि मी ठाम नकार दिला. संगमरवर तळाशी असेपर्यंत आम्लाने उतरवलेला पीएच काही तासांत परत वर चढतो, आणि ही चढउतार स्थिर ८.२ पेक्षा जास्त छळते.

दुसरे काम माशांचा भार कमी करण्याचे. उरलेल्या चारांपैकी दोन मासे माझ्या चालत्या टाकीत हलवले. खाद्य दोन दिवस पूर्ण बंद आणि पुढे दिवसाआड, तेही दोन मिनिटांत संपेल एवढेच. घरातल्या मुलाला हे क्रूर वाटले, पण गोल्डफिश आठवडाभर उपाशी राहिला तरी तगतो आणि न खाल्लेला प्रत्येक दाणा अमोनिया होऊन त्याच्याच अंगाशी येतो.

तिसरे काम जीवाणू आणण्याचे, आणि सगळ्या उपायांत याचे मोल मी सर्वाधिक धरतो. माझ्या टाकीच्या फिल्टरमधला जुना, तपकिरी, किळसवाणा दिसणारा स्पंजचा तुकडा ओल्या पिशवीत घालून आणला आणि त्यांच्या फिल्टरमध्ये नव्या स्पंजला लावून बसवला. उरलेला गाळ टाकीतच पिळला. पाणी पुन्हा मातकट झाले आणि घरातल्या सर्वांचे चेहरे उतरले. तो तपकिरी गाळ म्हणजेच जीवाणूंची वसाहत. बाजारातल्या कुठल्याही बाटलीतल्या जीवाणूंपेक्षा तिचा भरवसा जास्त, मात्र ती ज्या टाकीतून आणायची तिथे रोगराई नसावी. निळे औषध बंद केले आणि पाण्यात उरलेला रंग शोषण्यासाठी फिल्टरमध्ये काही दिवस कोळशाची पिशवी ठेवली. सांगलीच्या उन्हाळ्यात वीज गेली की फिल्टर थांबतो आणि प्राणवायूवाचून काही तासांत स्पंजमधले जीवाणू मरू लागतात, म्हणून बॅटरीवर चालणारा हवेचा छोटा पंप घेऊन ठेवायला सांगितले. ३० अंशांच्या पाण्यात प्राणवायू लिटरमागे साडेसात मिलिग्रॅमच्या वर मावत नाही, तेव्हा उन्हाळ्यात हवेच्या बुडबुड्यांबाबत हात आखडता घेऊ नये.

संगमरवरी खडी एका फटक्यात न काढता दोन हप्त्यांत काढली. तिच्या जागी व्हिनेगरने तपासलेली, पाणी स्वच्छ निथळेपर्यंत धुतलेली काळी खडी घातली आणि गाठींचा दगड कुंडीत गेला. नळाच्या पाण्यावर टाकी आल्यानंतर पीएच ७.८ च्या आसपास स्थिरावला. त्याखाली नेण्याचा प्रयत्न केला नाही. नायट्रीकरणात अमोनियातल्या एक मिलिग्रॅम नत्रामागे सुमारे ७ मिलिग्रॅम क्षारपणा खर्च होतो, आणि आपल्या पाण्यात तो मुबलक असल्याने मृदू पाण्याच्या प्रदेशांत जुन्या टाक्यांचा पीएच जसा अचानक ढासळतो तसा इथे ढासळत नाही. हा आपल्या कठीण पाण्याचा मोठा गुण आहे. त्याच्याशी झगडून मृदू पाण्याचे मासे पाळण्यापेक्षा त्याला साजेसे मासे निवडणे शहाणपणाचे; छोट्या टाकीत गप्पी, मॉली आणि प्लॅटी इथे उत्तम वाढतात.

नायट्राइटचे दिवस

दुसऱ्या आठवड्यात अमोनिया उतरू लागला आणि नायट्राइटच्या चाचणीत थेंब पडताच पाणी गडद जांभळे झाले. टाकी या वेळी पुन्हा अगदी नितळ होती. सूनबाईंनी तिचा फोटो पाठवून आनंद कळवला आणि मला त्यांना सावध करावे लागले, कारण हा टप्पा दिसत नाही म्हणूनच फसवा असतो. नायट्राइट रक्तातल्या हिमोग्लोबिनचे मेथेमोग्लोबिन करते, त्याला प्राणवायू वाहता येत नाही, आणि पाण्यात हवा भरपूर असूनही मासा गुदमरतो. क्लोराइड आणि नायट्राइट कल्ल्यांमधून एकाच दाराने आत शिरतात, त्यामुळे पाण्यात क्लोराइड पुरेसे असेल तर नायट्राइटला वाट मिळत नाही. ६० लिटरच्या टाकीत चहाचा एक चमचा, म्हणजे सुमारे ६ ग्रॅम साधे जाडे मीठ विरघळवून घातले की लिटरमागे जवळपास ६० मिलिग्रॅम क्लोराइड मिळते आणि या पातळीच्या संकटाला ते पुरते. मूठभर मीठ ओतण्याची गरज नसते. मिठाबरोबर दर दोन-तीन दिवसांनी थोडे थोडे पाणी बदलणे चालू ठेवले. मासे सुस्त होते, पण वर येऊन धापा टाकत नव्हते.

नव्या टाकीचे हे चक्र २५ ते २८ अंशांना बसायला सहसा चार ते सहा आठवडे लागतात. जुन्या स्पंजमुळे इथे ते लवकर बसले. आधी अमोनिया आणि मग नायट्राइट शून्यावर आले आणि नायट्रेट सावकाश वाढू लागले. आता ते बोअरमधून आलेले नव्हते, टाकीतच घडत होते.

हिरवे पाणी

नेमके याच सुमारास पाण्याला हिरवी झाक आली. टाकी पूर्वेच्या खिडकीजवळ होती, सकाळचे ऊन थेट पडत होते आणि दिवाही रात्री उशिरापर्यंत जळत होता. घरच्यांनी पुन्हा सगळे पाणी उपसायची तयारी केली होती. आजींनीच त्यांना थोपवले आणि आधी मला विचारायला लावले. हिरवेपणा हा तरंगत्या सूक्ष्म शेवाळाचा असतो. ते अमोनिया आणि नायट्रेट दोन्ही शोषते, आणि मासे त्यात मजेत राहतात. त्या दिवशीच्या चाचण्यांत अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य होते, मासे पंख पसरून तळाशी खडी उकरत होते. उपाय फक्त उजेडाचा केला. खिडकीला जाड पडदा लावला, दिवा सहा तासांवर आणला, टाकीच्या वरच्या कडेला मनी प्लांटची मुळे पाण्यात सोडली आणि तळाशी व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती लावली. ती पाण्यातल्या बायकार्बोनेटमधून कार्बन घेऊ शकते, म्हणून आपल्या कठीण पाण्यात चांगली फोफावते. शेवाळाचे खाद्य आणि उजेड दोन्ही तुटल्यावर पाणी दोन आठवड्यांत निवळले.

सध्याची व्यवस्था

आता दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदलले जाते आणि ते पाणी सोसायटीने बोअर सुरू करण्याच्या आधी, पहाटे नळाला येते तेव्हा भरून ठेवलेले असते. स्पंज महिन्यातून एकदा, टाकीतूनच काढलेल्या पाण्याच्या बादलीत हलकेच दाबून धुतला जातो; नळाखाली कधीही नाही. नायट्रेट २० मिलिग्रॅमच्या आसपास राहते. पावसाळ्यात कृष्णेला गढूळ पाणी आले की शुद्धीकरणात क्लोरीनची मात्रा वाढण्याचा संभव असतो, म्हणून नळाला वास जाणवेल त्या दिवशी पाणी उघड्या बादलीत दिवसभर हवेच्या पंपाखाली ठेवून, मग अँटीक्लोरीन घालून वापरावे असे ठरले आहे. माझ्याकडे नेलेले दोन गोल्डफिश परत आणण्याचा हट्ट घरातल्या मुलाने धरला होता. ६० लिटरमध्ये चार गोल्डफिश पुढच्या वर्षी पुन्हा याच अवस्थेला येतील हे त्याला आकड्यांनिशी समजावले. दिवाळीनंतर चार फुटी टाकी घेतली तरच ते दोन परत जातील, तोवर तो त्यांना माझ्याकडे येऊन पाहतो आणि येताना आपल्या टाकीच्या चाचण्यांची वही सोबत आणतो.